शहरातला एखादा रस्ता पायी चालण्यासाठी किती योग्य आहे, हे सामान्य माणसाने कसं तपासावं?

तुम्ही विचारलंय की, चार-पाच जण मिळून आपल्या भागातले रस्ते पायी चालणाऱ्याच्या नजरेतून तपासायचे आहेत, तर काय काय बघावं आणि गुण कसे द्यावेत. मी हे काम काही वर्षं हौसेने करतोय. माझी सुरुवातीची एक चूक आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यातूनच शिकलो.

तेव्हा मी तक्ता घेऊन निघायचो. पदपथाची रुंदी, फरशी, दिवे, सावली, रस्ता ओलांडायची सोय. प्रत्येकाला पाचपैकी गुण आणि शेवटी सरासरी. एका रस्त्याला मी असे पाचपैकी चार गुण दिले होते. पुढे आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि वॉकर घेऊन तिला त्याच रस्त्याने न्यायची वेळ आली. अर्ध्या वाटेवर विजेचा एक मोठा डबा पदपथ पुरता अडवून उभा होता. मी दर वेळी दोन पावलं रस्त्यावर उतरून पुन्हा वर चढत होतो, त्यामुळे तो अडथळा आहे हे मला जाणवलंच नव्हतं. आईला ती पायरी उतरता येईना. शेजारून गाड्या जात होत्या. आम्ही तिथूनच परत फिरलो.

तेव्हापासून मी सरासरी काढत नाही. एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचा तुकडा घेतो आणि त्याला त्यातल्या सगळ्यांत वाईट जागेचे गुण देतो. तुम्हीही एवढी एक गोष्ट कराच: त्या तुकड्यात पदपथावरून रस्त्यावर किती वेळा उतरावं लागलं ते मोजा आणि प्रत्येक वेळी कशामुळे, ते लिहा. उभी केलेली गाडी, खोदकाम, झाकण नसलेलं गटार, खांब, मध्येच संपलेला पदपथ, काहीही असो. पाच मिनिटांच्या चालण्यात सहा वेळा उतरावं लागत असेल, तर फरशी कितीही देखणी असली तरी तो रस्ता चालण्याजोगा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

रुंदी मोजताना भिंतीपासून कडेपर्यंत टेप धरू नका. मोकळी उरलेली जागा मोजा, तीही सगळ्यांत अरुंद ठिकाणी. दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जायच्या तर साधारण १.८ मीटर लागतात. शिवाय माणूस भिंतीला घासून चालत नाही, अंतर राखतो. तेवढी पट्टी रुंदीतून वजाच धरा. मग कागदावर तीन मीटरचा असलेला पदपथ प्रत्यक्षात एका माणसापुरताच उरतो, असं बऱ्याचदा दिसेल. वरही बघा. फांद्या, फलक, लोंबणाऱ्या तारा दृष्टिहीन माणसाच्या काठीला लागत नाहीत, थेट कपाळावर येतात. त्यांच्यासाठी बसवलेल्या उंचवट्याच्या पिवळ्या फरशा असतील, तर त्या कुठे नेतात ते शेवटपर्यंत चालून बघा. जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली या फरशा तयार केल्या आणि १९६७ मध्ये त्या ओकायामा शहरात पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या गेल्या. आज त्या जगभर आहेत, पण खांबापाशी नेऊन सोडणारी अशी रांग मी स्वतः पाहिली आहे. ती नसती तरी चाललं असतं, इतकी ती धोक्याची होती.

सगळ्यांत जास्त वेळ मात्र रस्ता ओलांडण्याच्या जागांना द्या. चालणाऱ्यांचा सिग्नल किती सेकंद हिरवा राहतो ते घड्याळ लावून मोजा. सिग्नलचं गणित बरीच वर्षं सेकंदाला १.२ मीटर या चालीवर बसवलं जात आलंय. या हिशेबाने १८ मीटर रुंद रस्ता १५ सेकंदांत पार होतो. पण काठी घेऊन सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या माणसाला तिथे साडेबावीस सेकंद लागतात. म्हणजे दिवा बदलतो तेव्हा त्याचे सहा मीटर बाकी असतात. मध्ये दुभाजकावर थांबायला सपाट, पुरेशी जागा आहे का, हा प्रश्न अशा वेळी जिवाचा होतो. सिग्नल नसेल तिथे गाड्यांचा वेग बघा. ताशी ५० किलोमीटरने येणाऱ्या चालकाला ब्रेक दाबायचं सुचेपर्यंत, एक सेकंद धरला तरी, गाडी सुमारे १४ मीटर पुढे आलेली असते. ३० च्या वेगात हेच अंतर ८ मीटरच्या आसपास राहतं. पादचारी पूल दिसला की ‘सोय आहे’ असं लिहू नका. तो चढून-उतरून पलीकडे जायला किती मिनिटं लागतात, ते लिहा. खालूनच धावत जाणाऱ्या माणसांना दोष देण्याआधी हा आकडा बघावा.

तयार गुणांबद्दलही तुम्ही विचारलंय. अमेरिकेत २००७ साली सुरू झालेलं ‘वॉक स्कोअर’ ठिकाणांना ० ते १०० गुण देतं, पण ते मुख्यतः दुकानं, शाळा, बागा पायी किती अंतरावर आहेत यावर. वाटेतला उघडा खड्डा त्यात येत नाही. अभियंत्यांची ए (सगळ्यांत चांगली) ते एफ (सगळ्यांत वाईट) अशी श्रेणीही आहे. तिच्या एका रूपात दर माणसामागे ५.६ चौरस मीटरहून जास्त जागा असली की ए, आणि ०.७५ किंवा त्याहून कमी असली की एफ. गर्दीच्या स्टेशनबाहेर ही पद्धत उपयोगी पडते. पण भीतीमुळे कुणी फिरकतच नाही असा रस्ताही तिच्यात ए ठरू शकतो.

म्हणून मी दहा मिनिटं एका जागी उभा राहून कोण चालतंय आणि कोण दिसत नाही, ते टिपतो. एकटी शाळकरी मुलं, म्हातारी माणसं, बाबागाडी ढकलणारे, अंधारानंतर एकट्या बायका. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोत एकसारख्या तीन रस्त्यांची पाहणी केली होती. दिवसाला सुमारे २,००० वाहनं जाणाऱ्या रस्त्यावर माणसाला सरासरी तीन मित्र त्याच रस्त्यावरचे होते, १६,००० वाहनांच्या रस्त्यावर एकही पुरता नव्हता. त्यामुळे बाकावर बसलेली, गप्पा मारत उभी असलेली माणसंही मोजा.

दिव्यांची तपासणी रात्रीच करा. खांब असतात, पण प्रकाश झाडाच्या वरून डांबरी रस्त्यावर पडतो आणि पदपथ अंधारात राहतो. सावली भर दुपारी बघा, पाणी साचणं पावसानंतर लगेच.

तुमच्या गटात वॉकर किंवा व्हीलचेअर वापरणारं कुणी नसेल, तर एखाद्याला विनंती करून सोबत घ्या आणि त्यांच्या चालीने चला. ते जिथे थांबतील तिथला फोटो, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. अहवालाच्या पहिल्या पानावर तीच जागा टाका, रस्त्याचे एकूण गुण तिच्याखाली.