वास बदलतो, थोडं थांबा

प्रश्न : ताई, गुलाबाचे परफ्युम मला कधीच आवडले नाहीत, साबणासारखे वाटतात. पण मैत्रिणीने गुलाब आणि ऊद असं मिक्स काहीतरी लावलं होतं, तो वास दोन दिवस डोक्यातून जाईना. म्हणून तोच मागवला, तर लावल्या लावल्या चक्क गोठ्याचा वास! मैत्रिणीला इतका छान आणि मला असा का? परत करू का?

उत्तर : अगं, अजिबात परत करू नकोस! तू मैत्रिणीकडे घेतलास तो तिने लावून दोन-तीन तास झाल्यानंतरचा वास असणार आणि स्वतःचा घेतलास पहिल्या दोन मिनिटांतला, सगळा फरक तिथेच आहे.

ऊद म्हणजे आपला अगरू, अगरबत्तीतला अगर तो हाच. ॲक्विलेरिया नावाची झाडं असतात, आसामपासून पार इंडोनेशियापर्यंत. निरोगी झाडाचं लाकूड फिकट, हलकं आणि त्याला वास जवळपास नाहीच. झाडाला जखम झाली, त्यात बुरशी शिरली की झाड स्वतःला वाचवायला गडद राळ तयार करतं आणि ती वर्षानुवर्षं लाकडात मुरत जाते. म्हणजे हा सुगंध त्या झाडाच्या दुखण्यातून आलेला असतो, मला तर हे दर वेळी सांगतानाही भरून येतं. तेल काढायच्या आधी ते लाकूड बऱ्याचदा कित्येक दिवस पाण्यात भिजत ठेवतात, ते आंबतं आणि तुला आलेला गोठ्याचा, चामड्याचा वास बराचसा तिथून येतो. अर्धा-पाऊण तास थांबलीस की तो मागे सरतो आणि खालून गोडसर, धुरकट लाकूड वर येतं.

आता गुलाब. परफ्युममधला गुलाब मुख्यतः दमास्क जातीचा, बल्गेरियातल्या कझानलकचा, तुर्कस्तानातल्या इस्पार्ताचा, सौदीतल्या ताइफचा. फुलं पहाटेच खुडतात कारण ऊन चढलं की तेल उडायला लागतं, आणि एक किलो तेलाला साधारण तीन-चार हजार किलो फुलं लागतात. त्या तेलात सिट्रोनेलॉल आणि जेरॅनिऑल हे सुगंधी घटक भरपूर, ते लिंबासारखे ताजे पण पटकन उडणारे. शिवाय दमास्केनोन म्हणून एक घटक असतो, अर्धा टक्कासुद्धा नाही, पण मुरांब्यासारखा तो फळाचा गोडवा त्याच्यामुळे.

म्हणून ही जोडी इतकी जमते गं. गुलाब एकटा असला तर लवकर विरतो, आणि तुला वाटतो तसा साबणासारखाही वाटू शकतो. ऊद एकटा असला तर नवख्या नाकाला जड. उदाचे रेणू मोठे, सावकाश उडणारे, ते गुलाबाला धरून ठेवतात आणि गुलाबाचा ताजेपणा उदाचा कडवटपणा उजळवतो. अरब देशांत हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे, पाश्चात्त्य कंपन्या मात्र फार उशिरा इकडे वळल्या, २००२ मध्ये ईव्ह सँ लॉराँ या फ्रेंच कंपनीचा एम७ नावाचा परफ्युम आला आणि त्यानंतर हळूहळू उदाची लाटच आली.

तू एक कर. मनगटावर एकच फवारा मार, घासू नकोस, आणि अर्धा तास हात नाकाजवळ नेऊच नकोस. सारखं हुंगत बसलं की नाक थकतं आणि वास गेला असं वाटतं, मग माणूस अजून मारतो आणि आजूबाजूचे हैराण! थोडा स्कार्फवर पण लाव, कापडावर तो उद्यापर्यंत टिकेल. आठवडाभर असं करून बघ आणि मगच ठरव.

प्रश्न : बाटलीवर ऊद लिहिलंय म्हणजे आत खरा ऊद असतो का?

उत्तर : बहुतेक वेळा नाही, लॅबमध्ये जुळवलेला असतो. पण त्यात फसवणूक झाली असं मानू नका, चांगला जुळवलेला ऊद फारच सुंदर असतो, आणि रानातल्या झाडांचा विचार केला तर मला तोच बरा वाटतो. तोड इतकी झाली की ॲक्विलेरिया मलाकेन्सिस ही जात १९९५ मध्ये आणि मग २००५ पासून ॲक्विलेरियाच्या सगळ्याच जाती साइट्स कराराखाली (धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) आल्या, त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. खरं तेल हवंच असेल तर लागवडीच्या झाडांचं आहे का हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा, आणि उत्तर देताना तो घुटमळला तर घेऊ नका.