परज नसलेली तलवार

प्रश्न : माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेले होते. त्यांनी आणलेली तलवार आमच्याकडे दर खंडेनवमीला पूजेत असते. तिची धार पात्याच्या आतल्या बाकाला आहे, मुठीच्या टोकाला कानांसारखे दोन हाडी पंख आहेत आणि परज, म्हणजे मूठ धरणाऱ्या हाताचे रक्षण करणारी आडवी पट्टी, मुळीच नाही. पात्यावर चांदीने अरबी अक्षरे व १२२० हा आकडा जडवला आहे. तुटलेली परज नवी बसवून धार लावून घ्यावी का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : कृपया यांपैकी काहीही करू नका, कारण आपली तलवार मोडलेली नाही. वर्णनावरून ते उस्मानी (ऑटोमन तुर्की) साम्राज्यातले, विशेषतः बाल्कन प्रदेशात घरोघरी रुळलेले ‘यातागान’ दिसते, आणि त्याला परज नसतेच. ते कमरेच्या रुंद शेल्यात, पोटाशी तिरपे खोवले जाई. तिथे परज असती तर ती टोचली असती आणि शस्त्र झटकन उपसताही आले नसते. बंदूक-पिस्तुलांच्या जोडीला बाळगायचे हे शस्त्र असल्याने समोरच्याचे वार मुठीवर झेलण्याची अपेक्षा त्याच्याकडून नव्हती. आपल्याकडच्या सोसनपत्ता नावाच्या तलवारीचे पातेही असेच पुढे झुकते, पण तिला परज असते.

पुढच्या बाकामुळे कोयत्याप्रमाणे घाव जड बसतो, आणि टोक पुन्हा मुठीच्या रेषेत येत असल्याने भोसकताही येते. एकाच पात्यात हे दोन्ही साधणे ही मला या घडणीची खरी करामत वाटते. ओढून घेताना हात मागे सरकू नये, हे काम त्या कानांचे. सुलतान सुलेमानासाठी अहमद तेकेलू याने १५२६-२७ मध्ये घडवलेले हस्तिदंती मुठीचे यातागान इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहे. पुढे बोस्नियातील फोचा हे गाव या पात्यांसाठी नावाजले.

आपल्या पात्यावरचा आकडा हिजरी सन असावा. तसे असल्यास तो १८०५-०६ च्या सुमाराचा ठरतो. अक्षरांत बहुधा कारागिराचे किंवा मालकाचे नाव असते, म्हणून ती जाणकाराकडून वाचून घ्यावीत. सहाणेवर पाते घासले, तर हीच चांदी सर्वांत आधी निघून जाईल.

खानापूरचा पाऊस पाहता, पाते ओल धरणाऱ्या म्यानात न ठेवता पातळ खनिज तेलाचा हात फिरवून कोरड्या सुती कापडात गुंडाळावे. हाडी मुठीला मात्र तेल-पाणी लावू नये. पूजेच्या वेळी हळद-कुंकू व लिंबू पात्यावर न ठेवता पाटावर, तलवारीच्या शेजारी वाहावे.