‘संगीतरत्नाकर’ हा संगीतावरचा जुना संस्कृत ग्रंथ खरंच मराठवाड्यात लिहिला गेला का?

हो, देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला. काळ यादव राजा सिंघणाचा, १३व्या शतकाचा पूर्वार्ध. लेखक शार्ङ्गदेव. याचे आजोबा काश्मिरातून दक्षिणेत आलेले आणि हा स्वतः दरबारात हिशेबाच्या दप्तराचा प्रमुख!

सात अध्याय आहेत, स्वरापासून नृत्यापर्यंत. मला भारी वाटतो तो पहिला. २२ श्रुती, म्हणजे सप्तकातले बारीक-बारीक स्वरभेद, दाखवायला शार्ङ्गदेव प्रत्येकी २२ तारांच्या दोन वीणा घेतो. पहिली तार जमेल तितक्या खालच्या स्वरात लावायची, पुढची किंचितच वर, इतकी की मधे तिसरा आवाज बसू नये. मग एक वीणा तशीच ठेवून दुसरीचे स्वर एकेका श्रुतीने उतरवत जायचे, म्हणजे दोघींची तुलना करून श्रुती मोजता येतात. हिशेबनीसच तो!

फक्त त्यातले राग आजच्या नावांवरून ओळखायला जाऊ नका, रूपं पार बदललीत. वाचताना कल्लिनाथाची १५व्या शतकातली टीका, म्हणजे ग्रंथाचा अर्थ उलगडणारं स्पष्टीकरण, सोबत ठेवा.