वाचक विचारतात: डोंगरात वॉकीटॉकी

प्रश्न : आमच्या गिर्यारोहण मंडळासाठी सहा वॉकीटॉकी घ्यायचे आहेत. ऑनलाइन पाच वॉटचे चिनी सेट स्वस्तात मिळतात, खोक्यावर दहा किलोमीटर रेंज लिहिलेली असते. घ्यावेत का? – सचिव, नाशिक

उत्तर : नका घेऊ. आपल्याकडे विनापरवाना वापरायचे वॉकीटॉकी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात आणि साधारण अर्ध्या वॉटच्या मर्यादेत चालतात. शिवाय त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस नियोजन) शाखेची ईटीए, म्हणजे उपकरण-प्रकार मंजुरी लागते. विक्रेत्याकडे तिचा क्रमांक मागा. टाळाटाळ झाली तर दुसरं दुकान बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रीसाठी नियमावली काढली ती याच कारणाने. फ्रिक्वेन्सी आणि मंजुरीचा पत्ता नसलेले सेट सर्रास विकले जात होते.

पाच वॉटच्या सेटवर ४४६ ची फ्रिक्वेन्सी भरली की तो कायदेशीर झाला, हा समज चुकीचा आहे. तो सेट हॅम (हौशी रेडिओ) परवानाधारकाने हॅमच्या पट्ट्यांत (१४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८) वापरायचा. मंडळात चार-पाच जण परीक्षा द्यायला तयार असतील तर जरूर द्या, वयाची बारा वर्षं पूर्ण झालेली मुलंही बसू शकतात. मात्र एकाच्या परवान्यावर सहा जणांनी बोलायचं, असं चालत नाही.

आता रेंज. पॉवर दहापट केली तर मोकळ्या जागेत अंतर जेमतेम तिपटीने वाढतं, आणि मध्ये डोंगराची सोंड आली की अर्धा वॉट काय नि पाच वॉट काय, दोन्ही मुके. सपाट माळावर तोंडाशी धरलेल्या सेटचं क्षितिज पाचेक किलोमीटरवर असतं. तोच सेट तीनशे मीटर उंच कड्याच्या टोकावर नेला की क्षितिज सत्तर किलोमीटरवर जातं. तेव्हा खोक्यावरच्या आकड्यापेक्षा माणूस कुठे उभा आहे ते बघा.

प्रश्न : कड्याच्या माथ्यावर एक गट आणि पायथ्याला दुसरा. सेट चालू, चॅनल एकच, तरी एकमेकांचं ऐकू येत नाही. कधी मधूनच खरखर येते. दोष सेटचा की जागेचा? – वाचक, ठाणे

उत्तर : आधी सेट तपासा, कारण ते पायथ्याच्या गावातच दोन मिनिटांत होतं. चॅनल एक असूनही ‘प्रायव्हसी कोड’ (ठरलेला टोन असलेलाच आवाज ऐकवणारी सोय) वेगळा असेल तर समोरच्याचा आवाज स्पीकरपर्यंत येतच नाही. मॉनिटरचं बटण (कोड न पाहता सगळं ऐकवणारं) दाबून धरा. आवाज आला, म्हणजे कोडचा घोळ आहे. दोन वेगळ्या कंपन्यांचे सेट असतील तर दोन्हींवरचा कोड ७ म्हणजे एकच टोन असेल असं नाही. पुस्तिकेतला हर्ट्झचा आकडा जुळवा. आमचं मत विचाराल तर डोंगरात कोड बंदच ठेवा. कोडमुळे तुमचं बोलणं खासगी होत नाही, फक्त इतरांचं तुम्हाला ऐकू येत नाही. शेजारच्या गटाने चॅनल अडवलेला असतो आणि तुम्हाला वाटतं सगळं शांत आहे.

सेट ठीक असतील तर दोष जागेचा. माथ्यावरचा माणूस कडेपासून वीस पावलं मागे उभा असला की त्याच्या नि पायथ्याच्या मध्ये अख्खा कडा येतो. कोकणकड्यासारखा आत वळलेला कडा असेल तर भिंतीला चिकटून बसलेले खालचे लोक पूर्ण आडोशात जातात. वरच्याने सेल्फ अँकर लावून (स्वतःला दोराने बांधून) कडेशी यायचं, खालच्यांनी दगड पडण्याच्या टप्प्याबाहेर, कड्याचा माथा दिसेल इतकं लांब सरकायचं. दोघांना एकमेकांची जागा दिसली की अर्धा वॉट भरपूर झाला. सांधण दरीसारख्या घळीत मात्र हे जमत नाही. तिथे वळण आलं की आवाज गेला. शेवटचा माणूस आधीच्या वळणावर थांबवून त्याच्यामार्फत निरोप पुढे द्यायचा. असा मधला माणूस लागणार हे गृहीत धरूनच सेट मोजा, दोन गटांना तीन सेट.

आणखी एक सवय मोडायला हवी: सेट कमरेला लावून, वायरच्या माइकवर बोलायचं. शरीर लहरी शोषतं, सॅक त्यात भर घालते. सेट खांद्याच्या पट्ट्यावर वर लावा, बोलताना अँटेना उभी ठेवा आणि ती मुठीत धरू नका.

प्रश्न : पावसाळ्यात धबधब्याच्या बाजूने रॅपलिंग घेतो. रेडिओवर सूचना नीट पोहोचत नाहीत. हात मोकळे राहावेत म्हणून व्हॉक्स (बटण न दाबता आवाजावर आपोआप प्रक्षेपण) चालू ठेवावं का? – वाचक, पुणे

उत्तर : व्हॉक्स बंद. पाण्याचा आवाजच त्याला बोलणं वाटतो, सेट सतत प्रक्षेपण करत राहतो आणि चॅनल सगळ्यांसाठी अडतो. बटण दाबूनच बोला. दाबलं की मनात ‘एक’ म्हणा, मग पहिला शब्द. शेवटचा शब्द झाला की पुन्हा ‘एक’, मग बटण सोडा. माइक तोंडापासून दोन-तीन इंचांवर, वाऱ्याकडे पाठ. ओरडलात तर आवाज फाटतो.

शेवटचा ‘एक’ का, ते सांगतो. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘रोप फ्री नाही’ (दोर मोकळा झालेला नाही) म्हणताना बटण घाईने सोडलं तर खाली ‘रोप फ्री’ एवढंच पोहोचतं. ‘स्लॅक नको’चं (दोर ढिला सोडू नको) ‘स्लॅक’ होतं. म्हणून दोरावरच्या सूचनांत ‘नाही’ आणि ‘नको’ वापरूच नका. थांबवायचं असेल तर ‘थांब, थांब, थांब’. इतर वेळी प्रत्येक कामाला एकच ठरलेला शब्द, तोही आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवलेला. आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग स्वतःचं: ‘तळ, तळ, माथा बोलतोय.’ ऐकणाऱ्याने ‘ओके’वर भागवू नये, सूचना जशीच्या तशी परत म्हणावी. म्हटली नाही, तर ती पोहोचली नाही असंच धरायचं आणि दोराला हात लावायचा नाही.

सेट बंद पडला तर शिट्टी. तिचेही संकेत आधी ठरवा. संकटाचा संकेत ठरलेलाच आहे: मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा, उत्तर मिनिटाला तीन.

प्रश्न : भाऊ अमेरिकेहून उपग्रहावर चालणारा मेसेंजर आणतो म्हणतो. सह्याद्रीत वापरता येईल? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : परवानगीशिवाय नाही. सॅटेलाइट फोन आणि तसे मेसेंजर सामानात सापडल्यामुळे विमानतळावर अटका झाल्या आहेत. भावाला आणू नको म्हणून सांगा.

प्रश्न : दोन दिवसांच्या ट्रेकला बॅटरी पुरत नाही, आणि पावसात आवाज घोगरा येतो. उपाय? – वाचक, सातारा

उत्तर : बॅटरी बोलण्यात जाते, तशीच स्कॅन (सगळे चॅनल आलटून पालटून तपासणं) चालू ठेवण्यातही. स्कॅन बंद करा. गट एकत्र चालत असेल तेव्हा दोनच सेट चालू ठेवा, पहिल्याचा आणि शेवटच्याचा. गट वेगळे झाले की वेळ बांधा: दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं सगळे सेट चालू, हाक गेली नाही तर पुढच्या तासाला पुन्हा. दोरावर काम सुरू असताना ही काटकसर करायची नाही. जादा बॅटरी न्यायची असेल तर ती घरी सेटमध्ये बसवून, बोलून पाहिलेली असावी.

घोगरा आवाज बहुतेक वेळा माइकच्या बारीक भोकात बसलेल्या पाण्याने येतो. सेट पालथा धरून झटका, फडक्याचं टोक लावून पाणी टिपा. टाचणी घालू नका, आतला पडदा फाटतो. आयपी६७ लिहिलेला, म्हणजे पाण्यात बुडाला तरी टिकणारा सेटही इअरफोनच्या खाचेचं रबरी झाकण उघडं राहिलं तर पाणी पितो. इअरफोन लावल्यावर ते उघडंच असतं, तेव्हा धबधब्यापाशी इअरफोन काढा आणि झाकण बोटाने दाबून बसवा. आयपी५४चा सेट शिंतोडे सोसतो, पाण्यात बुडणं नाही. तो पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून वापरा, पिशवीतूनही बोलता येतं. घरी आल्यावर बॅटरी काढून दोन्ही भाग वेगवेगळे वाळवा आणि धातूच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसा. त्यावर हिरवट थर धरला की भरलेली बॅटरीसुद्धा रिकामी दाखवते.