निपाणीत रेंज फुल्ल, तरी प्ले स्टोअर 'कनेक्शन नाही' म्हणतं आणि साइन इन होत नाही. काय करावं?

आधी फोनची तारीख-वेळ बघा; सेटिंग्जमध्ये ती 'ऑटोमॅटिक' करून फोन एकदा बंद-चालू करा. बॅटरी पार उतरून पडून राहिलेला फोन पुष्कळदा जुनीच एखादी तारीख धरून बसतो. गूगलच्या सर्व्हरला जोडताना फोन सर्व्हरच्या सुरक्षा प्रमाणपत्राची (सर्व्हर खरा असल्याच्या डिजिटल पुराव्याची) मुदत तपासतो. फोनवर 2015 साल असेल तर मुदत अजून सुरूच झाली नाही असं समजून तो कनेक्शन तोडतो. दुरुस्तीच्या दुकानात हे कारण मी नेहमी बघतो, लोक मात्र नावं ठेवतात टॉवरला.

तसा आपल्याकडे, कर्नाटकच्या सीमाभागात, टॉवरचाही घोळ असतो म्हणा. निपाणीच्या टोकाला फोन कागलकडचा टॉवर पकडू शकतो, कणकुंबीकडे गोव्याचा. दोन्ही महाराष्ट्र सर्कलचे, म्हणजे मोबाइल सेवेच्या महाराष्ट्र-गोवा विभागातले. कर्नाटकचं सिम मग रोमिंगवर जातं. 'डेटा रोमिंग' बंद असेल तर कॉल लागतो, नेट नाही. रेंजच्या दांड्यांजवळ 'आर' दिसला की हेच समजा आणि 'डेटा रोमिंग' चालू करा.

तरीही अडलं तर:
- प्ले स्टोअर आणि गूगल प्ले सर्व्हिसेस, दोन्हींचा कॅशे (साठलेला तात्पुरता डेटा) क्लिअर करा
- व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारं ॲप), प्रायव्हेट डीएनएस (वेबसाइटचे पत्ते शोधण्याची नेट सेटिंग) बंद करा

खातं काढून पुन्हा जोडणं सगळ्यात शेवटी, तेही पासवर्ड पक्का माहीत असेल तरच. रिकव्हरीतून (फोन बंद करून बटणांनी उघडणाऱ्या दुरुस्ती मेनूतून) फॅक्टरी रिसेट, म्हणजे सगळा फोन पुसणं, तर नकोच. त्यानंतर फोन जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो.