ॲप अर्धवट सुटलं, त्यात तुझं काही चुकलं नाही

सांगलीहून एकीचं पत्र आलंय, नाव देऊ नका म्हणालीय. वय २९, टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात कामाला, घरी नवरा, मुलगा, सासू-सासरे. ती लिहिते, "ताई, सहा-सात महिने कशातच मन लागत नाही, छातीत धडधडतं, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. डॉक्टरकडे जावं तर इथे सगळे ओळखीचे. म्हणून डिप्रेशनसाठीचं एक ॲप घेतलं, सगळे झोपले की करायचे. तीन आठवडे केलं आणि सुटलं. नवरा म्हणतो मोबाईलनेच डोकं फिरलंय आणि इलाजपण मोबाईलवरच? अशा ॲपने खरंच बरं वाटतं का? मला तर साधं ॲपपण पूर्ण करता येत नाही. कधीकधी वाटतं रात्री झोपावं आणि सकाळी उठूच नये."

अगं, शेवटचं वाक्य तू जाता जाता लिहिलंस पण मी तिथेच अडकले. उठूच नये असं नुसतं वाटतं, की स्वतःला काही करून घ्यावं असंही मनात येतं? सरळच विचारतेय, विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही. उत्तर 'हो' असेल, नाहीतर 'नक्की सांगता येत नाही' असेल, तर पुढचं वाचू नकोस, आधी १४४१६ लाव. टेली-मानस, सरकारची फुकट हेल्पलाइन, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि रात्री तसं वाटलं तर नवऱ्याला उठव, चिडला तर चिडू दे. उत्तर 'नाही' असलं तरी या आठवड्यात एकदा त्या नंबरवर बोलच.

आता ॲप. तू स्वतःला फसवत नव्हतीस. यातली बरीचशी ॲप्स सीबीटी नावाच्या उपचारपद्धतीवर चालतात, म्हणजे मनात आलेला विचार पकडायचा, त्याला पुरावा काय ते बघायचं, आणि मूड येण्याची वाट न बघता एखादं छोटं काम करून टाकायचं. कॉम्प्युटरवरून हे शिकवणं काही कालचं नाही, ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठाने मूडजिम नावाचा प्रोग्रॅम २००१ मध्येच काढला होता. लक्षणं सौम्य असतील तर एकट्याने करूनही बऱ्याच जणांना फायदा होतो. जास्त असतील तर मात्र सोबत विचारपूस करणारं माणूस असलं की फरक जास्त पडतो.

आणि अर्धवट सोडण्याचं म्हणशील तर इंग्लंडमध्ये डिप्रेशनच्या ६९१ पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला, त्यात मूडजिम आणि तसाच अजून एक प्रोग्रॅम लोकांना दिला होता. सगळी सेशन्स संपवणारे पाचात एकसुद्धा नव्हते, आणि नेहमीच्या डॉक्टरी उपचारापेक्षा वेगळा असा फायदा काही दिसला नाही. तू तीन आठवडे टिकलीस, म्हणजे त्यांच्यातल्या कित्येकांच्या पुढेच गेलीस की! पुढे त्याच संशोधकांनी पेशंटना फोनवरून नीट मदत देऊन मूडजिम करून घेतलं तर चार महिन्यांनी फरक दिसला. डिप्रेशनमध्ये आधी उत्साहच जातो आणि ही ॲप्स नेमका तोच मागतात, म्हणून ती सुटतात, यात तुझा आळस कुठे आला?

तर मला विचारशील तर ॲप परत सुरू कर पण एकटी करू नकोस. पत्रात कराडच्या मावसबहिणीचं लिहिलंयस ना, तिला सांग दर रविवारी फोन करून एवढंच विचार की या आठवड्यात काय केलंस. सल्ले द्यायचे नाहीत, नुसतं विचारायचं. रात्री पांघरुणात नको, दुपारी डब्यानंतर वीस मिनिटं कर (रात्रीच्या मोबाईलबद्दल नवऱ्याचं थोडं बरोबरच आहे, त्याला सांगू नकोस मी असं म्हटलं). ॲप इंग्रजीत असेल तर व्यायाम वहीत मराठीत लिही. उदाहरणार्थ, सर सकाळी काही बोलले नाहीत, मनात आलं आपल्यावर चिडलेत, पुरावा काय, तर रिटर्नची शेवटची तारीख होती आणि ते कुणाशीच बोलले नाहीत. झालं, एवढंच लिहायचं.

ॲपमध्ये खरं नाव, ऑफिसचा ईमेल टाकू नकोस, परवानग्या कमीत कमी दे. बेटरहेल्प नावाच्या अमेरिकन ऑनलाइन थेरपी कंपनीने लोकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक वगैरेंना दिली म्हणून २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरायला लागले, तेव्हा फुकट म्हणून डोळे झाकून विश्वास नको.

पण नुसत्या ॲपवर मी तुला सोडणार नाही. सहा-सात महिने, झोप तुटलेली, वर ते वाक्य, हे सौम्य वाटत नाही मला. डॉक्टरला दाखवायलाच हवं. सांगलीत ओळखीचे भेटतील असं वाटतं तर मिरजेला शासकीय मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात जा, नाहीतर कोल्हापूरला, फिजिशियनकडे थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ पण तपासून घे, त्यानेही माणूस असाच गळून जातो. जाताना एका कागदावर लिहून ने की झोप किती, भूक कशी, धडधड कधी होते, आणि ते 'उठूच नये' पण लिही, समोर बसल्यावर बोलायला जमत नाही म्हणून. गोळ्या दिल्या तर घाबरू नकोस, गुण यायला दोन-चार आठवडे लागतात आणि मनानेच बंद करायच्या नसतात.

नवऱ्याशी ॲपवरून वाद घालत बसू नकोस. ओपीडीला सोबत चल, एवढंच म्हण, आणि कधी जायचं ते आजच ठरवा.