‘ॲकॅडेमिक’ म्हणजे नेमकं काय? तुमचे प्रश्न

या वेळी चौघाजणांची गाडी एकाच शब्दावर अडकलीय, म्हणून एकदमच घेतो.

प्रश्न: सर, शिक्षक भरतीच्या फॉर्मवर ‘ॲकॅडेमिक’ आणि ‘प्रोफेशनल’ क्वालिफिकेशन असे दोन रकाने आहेत. माझं बी.ए., बी.एड. झालंय. कुठं काय भरू?

उत्तर: बी.ए. ॲकॅडेमिक, बी.एड. प्रोफेशनल. पहिल्यात विषय शिकलात, दुसऱ्यात तो शिकवायचं काम शिकलात. फॉर्मवर नुसतं ‘एज्युकेशनल क्वालिफिकेशन’ असेल तर दोन्ही तिथंच लिहून मोकळ्या व्हा.

प्रश्न: बातमीत होतं, कोर्ट म्हणालं हा प्रश्न आता ‘ॲकॅडेमिक’ आहे. केस तर जमिनीची होती, शाळेचा काय संबंध?

उत्तर: लई भारी प्रश्न. इथं अर्थ असा की प्रश्न आता चर्चेपुरता उरलाय, उत्तर काही निघालं तरी कुणाला फरक पडणार नाही. आता बघा, पावसाळ्यात पंचगंगा चढली, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला आणि तुम्ही बावड्यात कट्ट्यावर बसून वाद घालताय की वडणग्याला बंधाऱ्यावरनं जवळ पडतंय का शिवाजी पुलावरनं, तर तो वाद ॲकॅडेमिक, कारण बंधारा दिसतोय कुठं? आपला ‘पुस्तकी’ शब्द जवळचा हाय पण त्यात टोमणा असतोय, ह्यात दरवेळी नसतो. आणि हा शब्द मुळात जागेवरनं आलाय: अथेन्सच्या बाहेर अकादेमस नावाच्या वीराच्या नावानं एक झाडी होती, तिथं इ.स.पू. ३८७ च्या सुमारास प्लेटोनं शिकवायला सुरुवात केली, त्यावरनं अकॅडमी आणि मग ॲकॅडेमिक, आपण ‘तालमीतला’ म्हणतो तसंच. (आपल्याकडं आता अकॅडमी म्हटलं की पहाटे पोरं पळवणारी पोलीस भरतीची, ते सोडा.)

प्रश्न: मॅडम म्हणाल्या, ‘ही इज नॉट व्हेरी ॲकॅडेमिक.’ म्हणजे पोरगा ढ आहे का?

उत्तर: नाही ओ ताई. अभ्यासाकडं फारसा ओढा नाही एवढंच. हाताचं काम, खेळ, हिशोब यात तो पुढंही असेल. फक्त तुम्ही उत्तरात ‘माय सन इज एज्युकेशनल’ म्हणू नका, एज्युकेशनल सहल असते, खेळणं असतंय, पोरगा नव्हे.

प्रश्न: प्राध्यापकाला ‘ॲकॅडेमिक’ म्हणायचं का ‘ॲकॅडेमिशियन’?

उत्तर: आपल्याकडं दुसरं सर्रास चालतं. इंग्लंडात प्राध्यापक म्हणजे ‘ॲन ॲकॅडेमिक’, ॲकॅडेमिशियन म्हणजे एखाद्या अकादमीचा सभासद. परदेशात अर्ज करताय तर पहिलाच वापरा.